बुगडे, सांग त्यांना

“बुगडे, सांग त्यांना, चहा गार होतोय,” मी म्हटलं.

बुगडी म्हणजे कोंबडी. अंगानं तांबूस, कानापाशी पांढरा ठिपका, म्हणून मीच तिचं नाव बुगडी ठेवलेलं. ती घरापुढच्या सोप्याच्या पायरीवर उभी राहून मान वाकडी करून माझ्याकडं बघत होती. सोप्यात खाटेवर मामा बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या गडहिंग्लजकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्ती. मामांनी कपाकडं बघितलं, मग कोंबडीकडं बघितलं.

“बुगडे, तिला म्हणावं, साखर जास्त झालीया.”

“बुगडे, साखर कालच्याइतकीच हाय म्हणावं.”

“मग कालबी जास्तच झालती म्हण.”

हसताय होय? हसा. पण त्या वेळी आमच्या घरात असंच बोलणं चालायचं, आणि हे असं बोलणं सुरू झालं म्हणून मी देवापुढं नारळ फोडला होता.

सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. आत्ती होत्या तोवर काही अडत नव्हतं. मी म्हणायची, “आत्ती, विचारा की, आमटी वाढू का?” दोन हातांच्या अंतरावर बसलेले मामा म्हणायचे, “वाढ म्हणावं.” आत्ती मधल्यामधे वैतागायच्या. “अगं बाई, दोघंबी बहिरं न्हाईसा. माझा घसा कशाला सुकवतायसा?” आणि मग तिघंही हसायचो.

आत्ती गेल्या आणि घरातलं बोलणंच गेलं. आमचे हे सैन्यात, पार तिकडं आसामात. दिवसकार्याला आले आणि रजा संपल्यावर गेले. मूलबाळ अजून नव्हतं. मागं राहिले मामा आणि मी. मामा साखर कारखान्यातले फिटर. शिदू फिटर म्हटलं की तालुक्यात ओळखायचे. गाळपाच्या हंगामात बंद पडलेला रोलर त्यांनी हात लावला की फिरायला लागायचा, असं लोक सांगायचे. ते हात आता मांडीवर पडून असायचे. वाढेन तेवढं जेवायचे, जास्त मागायचे नाहीत, नको म्हणायचे नाहीत. दिवसभर खाटेवर, तोंड भिंतीकडं. आणि मी? मला माहेरी रेडिओ म्हणायचे. त्या घरात माझ्या घशाला गंज चढायची वेळ आली होती.

मग मी गौराक्काकडनं वाट्यानं कोंबडी आणली. ही आमच्याकडची जुनी पद्धत. कोंबडी तिची, दाणापाणी, राखण आपली. पिल्लं निघून हाताशी आली की निम्मी तिची, निम्मी आपली, आणि कोंबडी परत तिच्या खुराड्यात. गौराक्काच्या कोंबड्या अशा निम्म्या गावात पसरलेल्या. बाई उंच, काटक, तोंडाचा पट्टा सुटला की समोरचा गप्प. कोंबडी माझ्या हातात देताना म्हणाली, “शालन, एक ध्यानात ठेव. पिल्लू मेलं तर ते तुझ्या वाट्यातलं. आणि कोंबडीची हेळसांड दिसली तर मी वाटणीची वाट बघत न्हाई, तशीच उचलून नेते.”

तर ती आणली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आणि मामांच्या मधे येऊन उभी राहिली. माझ्या तोंडातनं सहज निघून गेलं, “बुगडे, विचार त्यांना, अंघोळीला पाणी काढू का?” आणि माझी मीच दचकले. मी वळले. तेवढ्यात मागनं आवाज आला, कितीतरी दिवस न वापरलेला, खरखरीत.

“काढ म्हणावं.”

मी चुलीपुढं जाऊन ढसाढसा रडले आणि धुरावर ढकललं.

तेव्हापासून बुगडी आमच्या घरची आत्ती झाली. मी तिला सांगायची, मामा तिला सांगायचे, आणि ती दोघांकडं एकेकदा बघून जमीन उकरायची. अंगणात मी तिला दाणे फेकायची. ते निम्मे कावळे खायचे, उरलेले शेजारच्या कोंबड्या. पावसाळी दिवस, खाली राहिलेला दाणा भिजायचा आणि कुबट वास सुटायचा. तसला बुरशीचा दाणा खाऊन माहेरी आमच्या कोंबड्या माना टाकून मेलेल्या मी बघितल्या होत्या. म्हणून मी तिला म्हटलं, “बुगडे, तुझं खाणं कोरडं कसं ठेवू गं? मला तर काही सुचत न्हाई.”

मामा म्हणाले, “बुगडे, तिला विचार, तेलाचा रिकामा डबा हाय काय घरात.”

मी डबा आणला. मामा खाटेवरनं उठले. नुसते उठले नाहीत, माळ्यावर चढले! वरनं हत्यारांची पेटी काढली, धूळ झटकली, पत्रा कापायची कात्री काढली आणि अंगणात बैठक मारली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. भाकरी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही.

डबा झाला तो असा. एका बाजूला खालच्या अंगाला खिडकीसारखं तोंड, त्यात दाण्याचं कोंडाळं, उथळ वाडग्यासारखं. तोंडावर बिजागरीचं झाकण. पुढं एक फळी. कोंबडी फळीवर उभी राहिली की तिच्या भारानं झाकण वर, ती उतरली की झाकण खाली. पाऊस आत जाणार नाही, कावळ्याला उघडणार नाही. सगळी गल्ली बघायला लोटली. “शिदू फिटर उठला,” असं जो तो म्हणत होता. डब्याचं कुणाला एवढं कौतुक नव्हतं, पण मामा उठले याचं सगळ्यांना होतं, आणि मला तर सगळ्यांत जास्त होतं.

त्यांना डब्याला कारखान्यातला उरलेला लाल रंग द्यायचा होता. मी म्हटलं, “बुगडे, तू तर दिसेल त्याला चोच मारतीस. रंगाचे पोपडे पोटात गेले तर?” त्यांनी रंगाचा डबा बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी बुगडीच्या तुऱ्यावर रक्त दिसलं. कापलेल्या पत्र्याची धार. मी म्हटलं, “बुगडे, सांग त्यांना, मी पोलक्याची कड आत दुमडून शिवते, तसा पत्रा दुमडता येतो का बघा म्हणावं.” मामांनी कडेवरनं अंगठा फिरवला. अंगठ्यावर लाल रेघ उठली. त्यांनी ती धोतराला पुसली.

“बुगडे, तिचं बरोबर हाय म्हणावं,” एवढंच म्हणाले आणि हातोडी घेतली. सबंध कड आत वळवून ठोकून काढली. मग माझं बोट काही त्यांनी धरलं नाही, पण डबा माझ्यापुढं सरकवला. मी बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत. मान हलवली. त्या दिवशी मामांनी आपणहून भाकरी मागितली. बुगडीकडनं.

पुढं बुगडी खुडूक बसली आणि पिल्लं निघाली. दहा-बारा असतील, पिवळी, काळी, एक नुसतं करडं. मामांनी खाट ओढून अंगण दिसेल अशी घातली. भिंतीकडं तोंड करून झोपणारा माणूस पिल्लं मोजत बसायला लागला. मला वाटलं, झालं, आपलं घर लागलं मार्गाला.

आणि एका सकाळी ते झालं.

बुगडी फळीवर उभी राहून खात होती. झाकण वर. आईचं बघून करडं पिल्लू टुणकन उडी मारून कोंडाळ्याच्या काठावर चढलं. त्याच वेळी अंगणावरनं घारीची सावली गेली. बुगडी ओरडली, फळीवरनं उडाली, आणि झाकण पडलं. खाड्.

मामांनी सगळं कारखान्याच्या हिशोबानं केलेलं. जाड पत्रा, घट्ट बसावं म्हणून झाकणाला आतनं बांधलेला लोखंडी नट. कोंबडीची त्यांनी सोय बघितली होती, पण तिच्या मागनं येणाऱ्या पिल्लाचा विचार ना त्यांनी केला होता, ना मी, ना बघायला आलेल्या गल्लीनं. झाकण मामांनीच उचललं. पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं आणि त्याची मान एका बाजूला पडली होती.

त्यांनी जास्वंदीखाली खड्डा काढला. मग डबा पोत्यात घातला आणि पोत्याचं तोंड बांधलं. “बुगडे, भंगारवाला आला की देऊन टाक म्हणावं,” असं म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. खाट त्यांनी परत जुन्या जागी नेली होती. तोंड भिंतीकडं. दुपारी ताट तसंच परत आलं.

गावात बातमीला पाय लागतात. संध्याकाळच्या आत गौराक्का दारात.

“कुठाय तो डबा?”

“पोत्यात हाय, आक्का.”

“मेलं ते तुझ्या वाट्यातलं, शालन. आधीच सांगितलं होतं.”

“व्हय आक्का.”

“न्हाई.” आवाज खाटेवरनं आला. मामा वळले नव्हते. “ते माझ्या वाट्यातलं.”

गौराक्का मामांपेक्षा वयानं थोरली, तिला कसली रीत न् कसला पडदा. “शिदबा, तुझा कुठला आलाय वाटा? वाटा माझा आणि हिचा.”

मला ते बोलणं असं लागलं म्हणून सांगू! पण गौराक्काचंही काही खोटं नव्हतं. ती पदर खोचून अंगणात उतरली. “मी नेते कोंबडी. पिल्लंबी नेते. जत्रेतला पाळणा करून ठेवलायसा तुम्ही. माणसाचा खेळ होतोय आणि जनावराचा जीव जातोय.”

ती बुगडीला धरायला वाकली. कोंबडी गेली तर काय जाणार होतं ते मला आणि खाटेवरच्या माणसाला, दोघांनाच ठाऊक होतं.

“आक्का, थांबा!” मी आडवी आले. “बाजारच्या दिवसापर्यंत थांबा. डबा नीट करून दाखवतो. झाकणाखाली अंडं ठेवून दाखवतो. अंडं फुटलं तर कोंबडी घेऊन जावा, पिल्लं सगळी घेऊन जावा. माझा वाटाबी घ्या.”

“करणार कोण? तू?”

“आम्ही,” मी म्हटलं.

गौराक्कानं खाटेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “बाजारच्या दिवशी येते. तवर डबा पोत्यातच ठेव. नीट झाल्याबिगर अंगणात दिसला तर बघ,” म्हणाली आणि गेली.

मी सोप्यात आले. “बुगडे, सांग त्यांना, उठा म्हणावं.” खाटेवर हालचाल नाही. बुगडी तरी कुठं होती? ती कुंपणापाशी त्या करड्या पिल्लाला हाका मारत हिंडत होती. मी परत म्हटलं, “बुगडे, त्यांना म्हणावं, आक्काला शब्द दिलाय.” काही नाही. भिंतीकडची पाठ तशीच.

आणि माझा तोल गेला. मी मुळात तापट, त्यात इतके महिने दाबून ठेवलेलं.

“मामा, उठा!”

डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मी सावरला नाही. “तुम्हाला भिंतीकडं तोंड करून निजायला सोपं हाय. माझं काय? मला तुमच्याशी बोलायला एक कोंबडी लागती! ती गेली तर मी ह्या घरात बोलू कुणाशी? चुलीशी? आत्ती गेल्या त्यात तुमचा काय दोष, न् माझा काय दोष? मग आपल्या दोघांना ही शिक्षा कशापायी? पिल्लू मेलं, मलाबी वाईट वाटलं. पण चूक झाली ती दुरुस्त करायची सोडून हत्यारं कोण टाकतं? तुम्ही शिदू फिटर का कोण?”

बोलून झालं आणि मग कळलं, काय बोलून बसले ते. सासऱ्याला नावानं! थेट! शेजारी कुणी ऐकलं असतं तर माहेरी धाडायचीच वेळ. मी पदर ओढून दाराशी उभी राहिले. आता हे घरातनं जा म्हणणार, अशी खात्रीच होती.

बऱ्याच वेळानं पाठ हलली.

“बुगडे,” मामा भिंतीला म्हणाले. बुगडी त्या खोलीतसुद्धा नव्हती. “तिला म्हणावं, पोत्यातनं डबा काढ.”

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणते, कारण पहिल्यांदाच मी पान्याला पाना आणि पकडीला पकड म्हणायला शिकले. मामा बुगडीला सांगायचे, “तिला म्हणावं, बारका पाना,” आणि मी द्यायची. आधी तो नट काढून फेकला. जाड झाकण काढलं आणि बिस्किटाच्या डब्याच्या हलक्या पत्र्याचं नवं केलं. माझी तुटकी स्लीपर कापून तिच्या पट्ट्या काठाला लावल्या. डबा विटांवर चढवून बुगडीच्या पाठीच्या उंचीला आणला, म्हणजे पिल्लांना सहज चढता येऊ नये. पिल्लांना मी वेगळं पसरट ताट केलं आणि ते बांबूच्या टोपलीखाली ठेवलं, टोपलीच्या फटीतनं पिल्लं आत जातील, बुगडी जाणार नाही.

एवढं करून झाकण पाडून बघितलं. टप्. खाली ठेवलेलं अंडं चिरलं.

“बुगडे,” मामा म्हणाले, “अंडी वाया घालवू नको म्हणावं, पोळी कर.”

बुगडी पिल्लांची, ती कुठली अंडी घालतीय. गल्लीतनं मागून आणायची, झाकणाखाली ठेवायची, फोडायची आणि तव्यावर टाकायची. त्या आठवड्यात आम्ही अंड्याची पोळी एवढी खाल्ली की वासानं नको झालं. दर वेळी झाकण हलकं व्हायचं, पण पडायचं ते पडायचंच. फारच हलकं केलं तर वाऱ्यानं उघडायचं. बाजाराचा दिवस उद्यावर आला, आणि मामा डब्यापुढं कपाळाला हात लावून बसले. माझ्या मनात आलं, आता परत भिंतीकडं जातात की काय.

यांची सायकल सोप्यात भिंतीला टांगलेली असायची. हे सैन्यात गेल्यापासून मी ती फक्त पुसायची. त्या दुपारी हाताला चाळा म्हणून पुसत होते. पंप काढला आणि लहानपणी भावांबरोबर करायची तसं केलं: पंपाच्या तोंडावर अंगठा धरला आणि दांडा दाबला. दांडा रुसल्यागत हळूहळू खाली जायला लागला. फुस्स्स. वर ओढला की झटकन वर. खाली मात्र हळू.

मी थांबले. परत दाबला. मग पंप घेऊन अंगणात पळत गेले. “बुगडे, बुगडे, सांग त्यांना, हे बघा म्हणावं!”

मी अंगठा धरून दांडा दाबून दाखवला. मामांनी एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. मग न बोलता हात पुढं केला. मी पंप दिला, आणि त्या हाताचा पूर्वीचा वेग मला त्या दिवशी बघायला मिळाला. पंपाच्या तोंडात त्यांनी मेण भरलं, मेणाला टाचणीनं भोक पाडलं. पंप डब्याच्या बाजूला तारेनं आवळला, दांडा झाकणाला जोडला. फळीवर हात दाबला. झाकण झटकन वर. हात काढला.

झाकण खाली आलं, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसतं तसं. फुस्स्स. टेकलं. अंडं जागच्या जागी.

मामांनी माझ्याकडं नाही, बुगडीकडं बघितलं. “बुगडे, तिला म्हणावं, तुझ्या आत्तीला हे दाखवायला पायजे होतं,” म्हणाले. मी आत जाऊन चहा टाकला.

बाजारच्या दिवशी गौराक्का आली ती एकटी नाही. बाजाराला निघालेल्या चार बायका, त्यांच्या पाट्या, वाटेतली दोन-तीन रिकामटेकडी माणसं, सगळं लटांबर अंगणात. मामा डब्याशेजारी उकिडवे बसले. मी पदर घट्ट केला आणि काठावर अंडं ठेवलं. बुगडीला दाणे दाखवले. ती फळीवर चढली, झाकण वर, तिनं दोन दाणे टिपले आणि माणसं बघून बिचकून उतरली.

फुस्स्स.

अंडं शाबूत. बायका “अगंबया” म्हणाल्या. मी गौराक्काकडं बघितलं, असं बघितलं की माझंच मला कसंतरी झालं.

“अंडं टणक असतंय,” गौराक्का म्हणाली. “पिल्लाची मान काय अंड्याएवढी टणक असती?”

आणि तिनं पदराआडनं पापड काढला. घरून भाजून आणलेला, उडदाचा, हरभऱ्याएवढे फोड आलेला. हात लावला तर मोडेल असा. अंड्यावर आम्ही हजारदा बघितलं होतं. पापडाचा विचार आमच्या स्वप्नातसुद्धा नव्हता.

“आक्का, बोलणं अंड्याचं झालं होतं!”

“माझी कोंबडी हाय. मी पापड ठेवीन न्हाईतर फूल ठेवीन.”

“ठेवू दे,” मामा म्हणाले.

तिनं स्वतःच्या हातानं पापड काठावर आडवा ठेवला, अर्धा आत, अर्धा बाहेर. मामांनी फळी दाबून झाकण वर धरलं होतं. मामांनी माझ्याकडं नजर टाकली. मी मान हलवली. त्यांनी हात काढला.

फुस्स्स. झाकण उतरत आलं. उतरत आलं. पापडाला टेकलं. सगळ्यांचे कान त्या एका आवाजाकडं लागलेले, कट् होतंय का. गौराक्का तर पार वाकून कान लावून बसली. काही नाही. तिनं पापडाच्या बाहेरच्या टोकाला हळूच बोट लावलं. पापड हलला. अख्खा होता.

गौराक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि काहीतरी बोलणार, तोच बुगडीनं पापड बघितला. टुणकन फळीवर, झाकण वर, आणि चोचीत पापड! निम्मा मोडून खाली पडला, निम्मा घेऊन ती परसाकडं जी पळाली, आणि मागनं सगळी पिल्लं रांगेनं किलबिलत. माणसं पोट धरून हसायला लागली. “आक्का, पापड मोडला की तुमच्याच कोंबडीनं!” कुणीतरी ओरडलं.

आणि मग मला एक हसणं ऐकू आलं. खरखरीत, खोकल्यासारखं. मामा हसत होते. उकिडवे बसलेले ते हसता हसता मातीत बसले आणि डोळे पुसायला लागले. आत्ती गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

“राहू दे कोंबडी,” गौराक्का म्हणाली. “आणि शिदबा, मेलं ते पिल्लू माझ्या वाट्यातलं धर. पण मला असाच एक डबा करून दे. माझ्या खुराड्याला दोन लागतील. सगळ्यांकडं माझ्या कोंबड्या हाईत, त्या सगळ्यांना लागतील.” मग ती माझ्याकडं वळली. “ह्याचं डोकं तुझं काय गं?”

मी मामांकडं बघितलं.

मामांना काहीतरी सांगायचं होतं. ते सवयीनं बुगडीला शोधायला लागले. पायरीकडं बघितलं, कुंपणाकडं बघितलं. बुगडी परसात पापड खात होती. सगळी गल्ली बघत होती आणि मधे कुणीच नव्हतं.

मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

“शालन,” ते म्हणाले, “डोकं तुझंच, हे सांग की आक्काला. आणि चहा टाक, पोरी. सगळ्यांना टाक.”

बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. आत्ती असत्या तर म्हणाल्या असत्या, चला, सुटला माझा घसा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि या खेपेला ढकलायला धूरही नव्हता. मी पदर पुसायला वापरला, डोक्यावर ओढायला नाही.

“टाकते, मामा,” मी म्हटलं.

“साखर बेतानं घाल.”

“कालच्याइतकीच घालीन.”

“मग कालबी जास्तच झालती,” मामा म्हणाले.